कोड बदलायच्या आधी हंटची मधली वर्षं बघ

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज परवाच वाचला, पण लगेच रिप्लाय केला नाही, कारण हे दोन ओळीत उरकण्यासारखं नाहीये. लहानपणापासून ब्रिस्बेनमध्ये रग्बी लीग खेळतोयस, आता दुसऱ्याच कोडच्या, म्हणजे ऑसी रूल्स या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या लोकांनी ट्रायलला बोलावलंय, आई नको म्हणतेय आणि तुला तर जायचंच आहे. माझं म्हणशील तर जा. फक्त त्याआधी लीग, युनियन (रग्बीचा दुसरा प्रकार) आणि ऑसी रूल्स असे तिन्ही खेळलेल्या कार्मायकल हंटचं करिअर एकदा नीट बघ, आणि नुसते हायलाइट्स नाही, मधली वर्षं बघ.

ब्रिस्बेनच्या ब्रॉन्कोज या लीग क्लबकडून उतरला तेव्हा 2004 साल होतं आणि हा पोरगा 17 वर्षांचा. 2006 ला मेलबर्न स्टॉर्मला 15-8 हरवून ब्रॉन्कोज चॅम्पियन झाले त्या टीममध्ये तो होता, पुढे क्वीन्सलँड, ऑस्ट्रेलिया, सगळं मिळालं. आणि 22 व्या वर्षी, 2009 मध्ये, त्याने जाहीर केलं की मी गोल्ड कोस्टच्या एएफएल (ऑसी रूल्सची मोठी लीग) टीमकडे चाललो, जी टीम तोपर्यंत एएफएलची एक मॅचही खेळली नव्हती! मधल्या काळात फ्रान्सला बियारिट्झकडून रग्बी युनियन खेळून आला, 2010 ची युरोपातल्या क्लबांची हाइनिकेन कप फायनल, समोर तुलूझ, 21-19 ने हरले पण ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल टेकवून मिळणारे पॉइंट्स) हंटची होती. लोकांना याचं फार आश्चर्य वाटलं, मला नाही वाटलं, कारण शाळेत तो युनियनच खेळायचा, म्हणजे तो नवीन गेम शिकत नव्हता, जुन्या घरी गेला होता. तू जिथे चाललायस ते घर तुझ्या ओळखीचं नाहीये, हा फरक लक्षात ठेव.

आता खरं सांगायचंय ते. तू फिटनेसचं विचारलंस, बॉडीचं विचारलंस. पळायला खूप लागेल हे खरं आहे, लीगचं वजन उतरवावं लागेल हेही खरं, पण ते महिन्यांचं काम आहे, होऊन जातं. नजरेला मात्र वर्षं लागतात. लीगमध्ये तू फुलबॅक आहेस ना, सगळा गेम तुझ्या समोर असतो, त्यांचे तेरा पुढे, तुझे बाकीचे बारा बाजूला नाहीतर पुढे, पाठीमागे फक्त ट्राय लाइन. एएफएलमध्ये ऑफसाइडच नाही. दोन्हीकडचे अठरा-अठरा त्या भल्यामोठ्या अंडाकृती ग्राउंडवर सगळीकडे, बॉल पकडायला तू वर बघतोस तेवढ्यात पाठीमागून कोणीतरी तुझ्या पाठीवर गुडघा ठेवून उडी मारतो, आणि ते नियमात बसतं. बॉल हाताने फेकायचा नाही, एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा. पंधरा मीटर पळालास की टप्पा पाडायचा किंवा बॉल जमिनीला टेकवायचा, आणि तो लांबुळका बॉल थोडा जरी वाकडा टेकला की हातात न येता बाजूला पळतो. घराच्या मागच्या अंगणात करून बघ, पहिल्या वीस टप्प्यांत तुला कळेल मी काय म्हणतोय ते.

हंटची पहिली एएफएल मॅच 2011 मध्ये, ब्रिस्बेनच्या गॅबा ग्राउंडवर, कार्लटनसमोर, गोल्ड कोस्ट 119 पॉइंट्सने हरले. इंटरनॅशनल खेळलेला माणूस आणि सगळ्यांच्या देखत नवशिका. पहिल्या दोन्ही सीझनमध्ये टीमने तीन-तीनच मॅच जिंकल्या. पण जुलै 2012, केर्न्स, रिचमंडविरुद्ध, मॅच संपल्याचा सायरन वाजून गेलेला, बॉल हंटच्या हातात, आणि त्याच्या किकने टीम 2 पॉइंट्सने जिंकली, त्या सीझनचा पहिला विजय. ती किक मी कितीदा बघितली असेल! बॉल सरळ खाली सोडायचा, एका हाताने पायापर्यंत नेऊन, हे लीगवाल्याच्या हातात नसतंच, ते त्याने एकेक किक मारत घोटवलंय.

एएफएलच्या 44 मॅच झाल्यावर तो क्वीन्सलँड रेड्सकडे, परत युनियन. 2015 ला कोकेन बाळगल्याचा गुन्हा कोर्टात कबूल केला, क्लबने दंड केला, बाहेर बसवलं. हे तुझ्यापासून लपवणार नाही, पैसा आणि नाव कमी वयात आलं की जवळ खरं बोलणारं माणूस लागतं, म्हणून आईला तोडून जाऊ नकोस. त्यानंतरही 2017 मध्ये तो वॉलबीजकडून, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या युनियन टीमकडून खेळला आणि 2021 ला पुन्हा ब्रॉन्कोजच्या जर्सीत दिसला, तेव्हा मला फार बरं वाटलं रे.

ट्रायलला गेलास की कोचला एकच विचार, पहिलं अख्खं वर्ष मला रिझर्व्हमध्ये, म्हणजे दुसऱ्या फळीच्या टीममध्ये खेळू द्याल का. हो म्हणाले तर आईशी मी बोलतो. लगेच सीनियर टीममध्ये घेतो म्हणाले तर सही करू नकोस, आधी मला फोन कर.

तुझा,
काका