नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीला पहिल्यांदा कॅमेरा घेऊन निघताय?

नवीन लेन्सचं सध्या राहू द्या. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स पुरते. इतवारीच्या गर्दीत लांब लेन्स नुसतं ओझं. शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा कमी नको, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटोवर सोडा.

नवखे सगळे नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी या दोन मारबतींच्या मूर्तींची भेट टिपायला धावतात आणि हाती लागतात पुढच्यांचे वर केलेले मोबाईल. पहिल्या वर्षी मीही तेच घरी आणले! त्यापेक्षा सकाळीच जागनाथ बुधवारीत जा. पिवळीच्या पायाशी लेकरू टेकवणारी आई तिथे दोन हातांवर दिसते.

- पावसाचे दिवस, प्लास्टिकची पिशवी खिशात ठेवा.
- जवळून काढताना आधी नजरेनं विचारा.
- दर फोटोनंतर स्क्रीन बघू नका, पुढचा बडग्या (मिरवणुकीतला पुरुषी पुतळा) निघून जातो.

रॉ-बिव (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली) नंतर बघू. संध्याकाळी लहान मुलांचा तान्हा पोळा आहेच, बॅटरी थोडी वाचवा.