डीटीपी येतं, मग ई-बुक येईल का?

प्रश्न : अकरा वर्षं पुस्तकांचं डीटीपी करतोय. प्रकाशक आता म्हणतात, ‘ई-बुकचंही तुम्हीच बघा.’ इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधून ईपब, म्हणजे ई-बुकची फाइल, एक्स्पोर्ट होतं, एवढंच मला ठाऊक. कोणता कोर्स करू? आणि पुढे डिजिटल विभाग सांभाळण्यापर्यंत जाता येईल का?

उत्तर : कोर्सचं नंतर बघू. आधी तुम्हीच एक्स्पोर्ट केलेली एखादी ईपब फाइल घ्या, नावाच्या शेवटचं ‘ईपब’ खोडून ‘झिप’ लिहा आणि ती उघडा. आत प्रकरणांचा मजकूर असलेल्या एक्सएचटीएमएल फाइली, तो कसा दिसावा हे सांगणारी सीएसएस, चित्रं आणि या सगळ्याची यादी ठेवणारी ओपीएफ फाइल सापडेल. एक दुपार त्यात घालवा. (तेच फोल्डर पुन्हा साधं झिप केलंत तर ईपबचेक, म्हणजे ईपब तपासणारं साधन, कुरकुरेल. माइमटाइप नावाची चिमुकली फाइल सगळ्यांत आधी आणि कॉम्प्रेस न करता ठेवावी लागते.)

मीही डीटीपीतूनच आले. मला जड गेलं ते ठरलेल्या मापाचं पान सोडणं. प्रकरणाचं नाव खाली यावं म्हणून मी पाच-सहा एंटर मारायचे. वाचकानं मोबाइलवर अक्षर मोठं केलं की सगळं विस्कटायचं. तुम्ही पॅराग्राफ स्टाइल (परिच्छेदाची एकदाच ठरवून ठेवलेली मांडणी) नेमानं लावत असाल तर फार त्रास नाही. मजकूर निवडून हातानं ठळक करायची सवय असेल, तर ती आजच मोडा.

मराठीत आणखी एक गोम आहे. ‘दुसऱ्या’ शोधलं तर काहीच सापडत नाही, अशी एका वाचकाची तक्रार आली. शब्द तर पानोपानी दिसत होता! जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या प्रकरणांत ‘ऱ्या’ एका पद्धतीनं साठवला गेला होता : साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. मी शोधत होते नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. ‘ॲ’चंही तसंच, कुठे एकच अक्षर, कुठे ‘अ’वर चंद्र. तेव्हापासून रूपांतर झालं की आधी ही दोन अक्षरं एकसारखी करते, मग बाकीचं. हे कुठल्या कोर्सात मला शिकवलं नाही.

विभाग सांभाळण्याचं विचाराल, तर तिथे फायली बनवण्यापेक्षा नोंदी ठेवणं जास्त. छापील दुसऱ्या आवृत्तीतल्या दुरुस्त्या ई-बुकात गेल्या का, कोणत्या दुकानावर कोणती फाइल आहे, ई-बुकचा वेगळा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) कोणता, चित्रांना वर्णनं लिहिली का. शेवटचं टाळू नका. युरोपीय संघात २८ जून २०२५पासून ई-बुक अपंग वाचकांनाही वापरता येणं कायद्यानं आवश्यक झालंय. मूळ फायली जपा. २०२१मध्ये ॲमेझॉननं साध्या मजकुराच्या पुस्तकांसाठी मोबी (किंडलचा जुना फाइल-प्रकार) फाइल घेणं थांबवलं, तेव्हा ज्यांच्याकडे फक्त मोबी उरली होती त्यांची धावपळ झाली.

काम हातात घेण्याआधी प्रकाशकाला एक विचारा : लेखकाच्या करारात ई-बुकचे हक्क आहेत ना? मी एका जाडजूड चरित्रावर दोन महिने बसले होते. फाइल तयार झाल्यावर कळलं, नव्हते.