ही कथा आहे की चिठ्ठी?

मध्यंतरी एकांनी विचारलं होतं, की मॅडम आम्ही पाचसहाजण गूढ, विचित्र अशा छोट्या कथा लिहितो, एकमेकांच्या वाचतो, त्यातल्या एकाचं घरचं सध्या फार वाईट चाललंय आणि तो लिहितोय पण भयाण, तर त्याला आत्महत्येबद्दल काही विचारावं का, विचारलं तर नको ते डोक्यात भरेल का, आणि माझंच घर धड नाहीये तर मी त्याच्यासाठी किती आणि काय करायचं.

मी समुपदेशक, त्यामुळे हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडाने येत असतो, कवी मंडळींकडून तर जरा जास्तच. एक जुनी केस सांगते. दोघांना विचारून सांगतेय, नावं नाहीत, ओळखू येईल असं बरंच बदललंय. पूर तेवढा खरा आहे.

२०२१ चा ऑगस्ट. सांगलीत पाणी येऊन गेलेलं, माझ्या जिन्यात अजून चिखलाचा वास होता. ती एका पतसंस्थेत कॅशियर, चाळिशीची. नवऱ्याची ट्रॅव्हल्सची गाडी लॉकडाऊनपासून दारात उभी आणि हप्ते चालू, सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, मुलगी दहावीला. मला वाटलं त्याबद्दलच बोलेल. पण बसली आणि काही न बोलता मोबाईल माझ्या हातात दिला, म्हणाली आधी हे वाचा.

कथा होती, अडीच पानांची. एका गावात पूर येतो आणि ओसरतच नाही, लोक गुडघाभर पाण्यातच संसार करायला लागतात. एक झेरॉक्सवाला असतो, त्याच्याकडे लोक मृत्यूचे दाखले घेऊन येतात कॉपी काढायला, आणि दाखला कुणाचाही असो, मशीनमधून कॉपी निघते ती झेरॉक्सवाल्याच्या नावाची. तो बिचारा प्रत्येकाला सॉरी म्हणतो, पैसे घेत नाही. शेवटी एक लहान मुलगा कोरा कागद घेऊन येतो.

ती कथा लिहिणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये आहे, ही लिहिणारा तिथला दादा. चिपळूणचा, पन्नाशीचा, स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकान छतापर्यंत बुडालं आणि पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत त्याच्या कथांच्या सगळ्या वह्या होत्या, त्यांचा लगदा झाला. घरात आई अंथरुणाला खिळलेली. ही कथा त्याने हिला रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी पाठवली होती.

मी मोबाईल खाली ठेवला तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, ही कथा आहे की चिठ्ठी?"

मी म्हणलं, मला नाही माहीत.

तिला ते आवडलं नाही, कुणालाच आवडत नाही. लोकांना वाटतं समुपदेशक म्हणजे कथा हुंगून सांगेल आत काय शिजतंय ते. अहो नाही सांगता येत. अत्यंत काळं लिहिणारा माणूस दुपारी वरणभात जेवून निवांत झोपलेला असू शकतो, आणि ग्रुपवर रोज सकाळी जोक टाकणारा आतून संपत आलेला असू शकतो. भयकथा लिहिणाऱ्याला तर मरण म्हणजे सुताराला लाकूड, रोजचंच. कथेवरून निदान करायला गेलं की दोन्हीकडून फसतो आपण, घाबरायचं नाही तिथे घाबरतो आणि घाबरायचं तिथे म्हणतो हॅ, कथा तर आहे.

पण कथेच्या खाली त्याने एक ओळ टाकली होती, 'छापायची घाई नाही, तुमच्याकडे असू दे.' कथा वाचून नाही, त्या ओळीने मी सावध झाले. दिवाळी अंकांच्या कथा जाण्याचे दिवस, हा माणूस दरवर्षी जूनपासून संपादकांच्या मागे लागणारा, आणि यंदा म्हणतोय घाई नाही. मग मी तिला कथेबाहेरचं विचारलं. झोपतो का? माहीत नाही, पण मेसेज सगळे रात्री दोन-तीनचे. वस्तू वाटून टाकतोय का? हो, मागच्या आठवड्यात चांगलं पेन एकाला कुरियर केलं. आपण ओझं झालोय असं काही बोलला? हिने जरा आठवलं आणि म्हणाली, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास, असं दोनदा म्हणाले." हे असलं बघायचं असतं, झेरॉक्स मशीनमधून काय निघालं ते नाही.

म्हणलं, आत्ताच फोन कर, इथूनच. ती दचकली. विचारलं तर त्यांच्या डोक्यात येणार नाही का? नाही येत. ही भीती मी घरोघरी बघते आणि ती चुकीची आहे, नीट सरळ विचारल्याने आत्महत्येचा विचार कुणाच्या डोक्यात पेरला जात नाही. असलाच तर आधीपासून असतो आणि विचारल्यावर बहुतेकदा माणसाला हायसं वाटतं, की चला, कुणाशी तरी बोलता येईल. आम्ही दोनदा तालीम केली. पहिल्यांदा ती म्हणाली, "दादा, तुम्ही तसलं काही करणार नाही ना?" म्हणलं, अगं हा प्रश्न नाही, ही विनवणी आहे, याला समोरचा 'नाही गं' एवढंच म्हणणार, तुझ्या समाधानासाठी. सरळ शब्द वापर.

मग तिने फोन लावला. इकडचं तिकडचं दोन मिनिटं, आणि मग एका दमात, "दादा, कथा वाचली, कथेबद्दल नंतर बोलते. आधी हे सांगा, जीव द्यावा असं येतं का मनात?"

पलीकडे बराच वेळ काही नाही. नंतर तो म्हणाला, "येतं. रात्री."

ती माझ्याकडे बघत होती आणि मी फक्त हाताने पुढे चल म्हणत होते. कसं करायचं ते ठरवलंय का, जवळ काही आणून ठेवलंय का, घरात आत्ता कोण आहे, वहिनींना माहीत आहे का. ठरवलेलं काही नव्हतं, पण आई रात्री कण्हायला लागली की तो विचार येऊन बसायचा उशाशी. बायकोला माहीत नव्हतं. हिने त्याला विचारूनच बायकोला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मेहुण्याने त्याला डॉक्टरांकडे नेलं. औषधं सुरू झाली. समोरच्याने ठरवलेलं असेल, साधन हाताशी असेल, तर मग त्याची परवानगी वगैरे काही बघायचं नाही, कुणीतरी त्याच्याजवळ बसलं पाहिजे आणि लगेच डॉक्टर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तेव्हा नव्हता, तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. आता आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, शोधायची वेळ आली की हात थरथरत असतात.

इथपर्यंतचं कुठल्याही मित्रासाठी सारखंच. लिहिणाऱ्यांचं वेगळं ते पुढे आहे.

ग्रुपला कळल्यावर सगळे धावले. चांगलीच माणसं होती. काळजी घ्या दादा, आम्ही आहोत दादा, हात जोडलेले, फुलं, हृदयं. अकरा हजार गोळा करून न विचारता त्याच्या खात्यावर टाकले, त्याने दुसऱ्या दिवशी परत पाठवले. एकाने लिहिलं की दादा, आता थोडे दिवस हलकंफुलकं लिहा, पॉझिटिव्ह. (मला हे वाचूनच राग आला होता, मी काही दादा नाही तरी. ज्या माणसाचं दुकान छतापर्यंत बुडालं त्याला सांगायचं की सूर्यफुलावर लिही.) आणि दादा एकदम गप्प झाला. फोन उचलेना. ही परत घाबरून माझ्याकडे.

चौथ्या दिवशी त्याने स्वतःच फोन केला तिला आणि चिडून बोलला, ती मला जसंच्या तसं सांगत होती आणि रडत होती. "दुकान गेलं, वह्या गेल्या, आणि आता माझी कथापण पेशंट झाली. मी कसाय हे तुम्ही सगळ्यांनी विचारलं. कथा कशीय, हे एकानेही नाही."

मला हे तोवर सुचलं नव्हतं, हे कबूल करते. मीच तिला म्हणाले होते ना, कथेबद्दल नंतर बोल. ते नंतर आलंच नाही. त्याच्याकडे एकच गोष्ट पुरातून वाचली होती, कथा कशी रचायची ते कसब, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला त्यातूनही रजा देऊन टाकली होती.

मग आम्ही कामं वाटली, म्हणजे तिने वाटली, मी नुसती वही धरून बसले होते. ग्रुपमधला एकजण तहसील कचेरीत काम केलेला, त्याने पंचनाम्याचं आणि मदतीच्या अर्जाचं अंगावर घेतलं, त्या वर्षी दुकानदारांना सरकारने जास्तीत जास्त पन्नास हजार जाहीर केले होते पण कागद नीट नसले की लटकतंय सगळं. दुसऱ्या दोघांनी जुने मेल, जुन्या चॅट, हरवलेल्या मोबाईलचे बॅकअप धुंडाळले, कारण दादा इतकी वर्षं वहीतल्या पानांचे फोटो काढून वाचायला पाठवत आलेला. चौदा कथा सापडल्या. पूर्ण चौदा, काही फोटोंत त्याचा अंगठा पण आलेला. त्या टाईप करून, प्रिंट काढून, स्पायरल करून पाठवल्या, बरोबर पत्र नाही, फुलं नाहीत. पैसे परत करणाऱ्या माणसाने हे पार्सल मात्र ठेवून घेतलं.

आणि हिच्याकडे काम काय, तर वाचायचं. ती झेरॉक्सवाली कथा कथा म्हणून वाचायची आणि खरं सांगायचं.

पण तिचंही काही होतंच की. तिसऱ्या सेशनला ती एक भलतंच घेऊन आली. म्हणे १९३० च्या दशकात अमेरिकेत असल्याच कथा लिहिणारे लोक होते, पत्रांतून एकमेकांना धरून असलेले. टेक्सासचा रॉबर्ट हॉवर्ड आणि प्रॉव्हिडन्सचा लवक्राफ्ट, सहा वर्षं लांबलचक पत्रं, प्रत्यक्ष कधी भेटलेच नाहीत, आणि जून १९३६ मध्ये आई आता शुद्धीवर येणार नाही असं कळल्यावर हॉवर्डने जीव दिला, तिसाव्या वर्षी. तिने हे वाचलेलं आणि रात्रभर जागली होती. दादाची पण आई. आम्हीपण कधी भेटलेलो नाही. म्हणून ती रोज रात्री दोनला उठून दादाचा लास्ट सीन बघायची.

मी म्हणलं, त्यांच्यातलाच तिसरा कुणी असेल ना ज्याचं घरी असंच होतं? तिला माहीत होतं, क्लार्क अॅश्टन स्मिथ, कॅलिफोर्नियात म्हाताऱ्या आईबापांचं करत राहिलेला, दोघं गेल्यावर त्याने कथा लिहिणं जवळजवळ सोडलं, पण तो पुढे बरीच वर्षं जगला, शिल्पं कोरली, कविता केल्या. म्हणलं, मग तुझ्या डोक्यात रात्री दोनला हा का येत नाही? ती हसली, पहिल्यांदाच. भीतीला आपल्या सोयीचा दाखला सापडतो, एवढंच मला तिला दाखवायचं होतं. आणि मित्राने पत्र लिहिलं नाही म्हणून हॉवर्ड गेला, असं तर त्या गोष्टीतही नाहीये.

लास्ट सीन बघणं सुटायला महिना लागला. आम्ही ठरवलं की रात्री दहानंतर फोन बंद, दादाला आणि वहिनींना तसं सांगून, आणि दहानंतर मेहुणा, तो शेजारीच राहतो. हिचा दादाशी फोन रविवारी पाच ते साडेपाच. तिला ते फार कोरडं वाटलं, वेळ ठरवून का कुठे माया करतात. म्हणलं, पोस्टमन ठरल्या वेळी येतो म्हणून पत्र कोरडं होतं का? सासूबाईंना उठवणं-बसवणं तुलाच, सकाळी कॅश तुलाच मोजायची, त्यात पाचशेची एक नोट कमी आली तर खिशातून भरणार कोण.

तिने स्वतः मार्चपासून एक ओळ लिहिली नव्हती. आधी घरच्या कटकटी, मग दादावर एवढं कोसळलेलं असताना मी कसली कथा लिहू. हे मला लिहिणाऱ्यांकडून नेहमी ऐकू येतं आणि ऐकायला फार चांगलं वाटतं, पण त्याने त्या मित्राच्या डोक्यावर आणखी एक ओझं जातं, आता माझ्यामुळे हिचंही बंद. मी सांगितलं, अर्धीमुर्धी असेल ती कथा पाठव त्याला. तिने पाठवली, मोडलेल्या हाडाची, म्हणजे एका बाईचं हाड रात्री शरीरातून निघून घरात झाडलोट करतं. दादाने तीन दिवसांनी परत पाठवली, प्रिंट काढून, लाल पेनाने सगळी भरून, फोटो काढून, अंगठ्यासकट. शेजारी लिहिलेलं, 'दुसरं पान पूर्ण काढ, तू घाबरवायचं सोडून समजावत बसलीयस.' वहिनींनी हिला सांगितलं की ते त्या दिवशी अंघोळ करून, टेबल पुसून बसले होते.

तो एकदम बरा झाला वगैरे नाही. गोळ्या दीड वर्ष चालल्या, मध्ये एकदा सोडून दिल्या तर परत घसरला, आई त्या डिसेंबरात गेली, तेव्हा आम्ही सगळे परत दचकून होतो. दुकान आता आहे, लहान जागेत. मशीन सेकंडहॅंड.

झेरॉक्सवाल्या कथेचं काय, तर त्या पहिल्या रविवारी हिने पाच वाजता फोन लावला आणि माझ्यासमोर पाठ केल्यासारखं सांगून टाकलं, "दादा, दीड पान जबरदस्त आहे. शेवट फसलाय. तो मुलगा आणि कोरा कागद, ते तुम्हाला सुचलं नाही म्हणून आलंय." साडेपाच वाजून गेले, पावणेसहा झाले, तो भांडतच होता. कोरा कागदच पाहिजे, तुला कळलाच नाही तो मुलगा, मुलगा कोण आहे आधी सांग.

शेवट त्याने अजून बदललेला नाही. ती म्हणते फसलेलाच आहे.