यान वांडेलारची सांगाड्याची चित्रं इतकी अचूक कशी आली?

तुम्ही विचारलंय की नेदरलँड्समधल्या लायडनचा शरीररचनातज्ज्ञ अल्बिनस याच्या १७४७ सालच्या ग्रंथातले सांगाडे आणि स्नायू त्याचा चित्रकार वांडेलार याने इतके मापात कसे काढले, आणि ती रीत आज एचिंग (धातूच्या प्लेटवरच्या रेषा आम्लाने खाववून त्यांवरून छाप घेणं) करणाऱ्याच्या कामाची आहे का. आहे, आणि जरूर वापरा.

खरी करामत रेखाटण्याआधीच्या मापात आहे. नुसत्या नजरेने काढलं की जवळचं मोठं होतं, लांबचं आक्रसतं. कवटी साधली तरी पावलं फसतात. म्हणून सांगाड्यालगत दोऱ्यांची चौकोनी जाळी आणि तिच्यापुढे काही अंतरावर दुसरी जाळी उभी केलेली होती. पूर्ण आकृती ४० फुटांवरून काढायची. बारकाव्यांसाठी जवळ यायचं, पण पुढच्या जाळीची गाठ मागच्या जाळीतल्या तिच्या जोडीच्या गाठीवर बसेल तिथेच डोळा ठेवायचा.

कवटीवर करून बघा. दोन सारख्या लाकडी चौकटी घ्या, त्यांत ५ सेंटिमीटरचे चौकोन विणा आणि ४० सेंटिमीटर अंतरावर अगदी समांतर उभ्या करा. सुती दोरा सैल पडतो, तंगूस घ्या. कवटी मागच्या चौकटीलगत ठेवा. तिच्यामागे काळा कपडा टांगा म्हणजे जाळी दिसेल. कागदावर अडीच सेंटिमीटरचे चौकोन आखले की चित्र निम्म्या मापात येतं. एक डोळा मिटा. गाठीमागे गाठ लपली की त्या गाठीजवळचंच हाड काढा, मग डोळा पुढच्या गाठीसमोर न्या. एकाच जागी बसून सगळे चौकोन भरले तर दुसऱ्या जाळीचा उपयोगच राहत नाही.

प्लेटवर चित्र उलटं उतरवायला विसरू नका. छापात उजवा हात डावा होतो, आणि छातीचं चित्र असेल तर हृदय उजवीकडे जातं. ट्रेसिंग पेपर पालथा घालून ग्राउंडवर (प्लेटवरच्या आम्ल अडवणाऱ्या थरावर) गिरवा.

जस्ताला १ भाग नायट्रिक आम्ल आणि १० भाग पाणी पुरतं. आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नाही. रेषेवर जमणारे बुडबुडे पिसाने हलवत राहा, नाहीतर तिथे रेष तुटक खाल्ली जाते. तांब्याला फेरिक क्लोराइड चांगलं, पण त्याचा गाळ रेषांत बसतो, म्हणून प्लेट पालथी टेकवा. हाडाच्या खोबणीतली सावली गर्द करायला रेषा फार जवळ ओढल्या तर मधलं ग्राउंड सुटतं आणि काळा डबका होतो. त्यापेक्षा फिकट रेषा आधी व्हार्निशने झाका, गडद पुन्हा आम्लात घाला आणि शेवटचा जोर बुरिनने (धातू कोरायच्या टोकदार हत्याराने) द्या. वांडेलारच्या प्लेटांतही एचिंग आणि बुरिन दोन्ही आहेत.

नावं दाखवणारी अक्षरं सावलीच्या चित्रावर टाकू नका. अल्बिनसने त्यासाठी नुसत्या बाह्यरेषांच्या वेगळ्या प्लेटा केल्या, त्यामुळे मूळ आकृती स्वच्छ राहिली. तुम्हीही तसंच करा. फक्त अक्षरं प्लेटवर उलटी कोरायची असतात, तेव्हा 'क' आणि 'फ' आधी आरशात बघून घ्या.