औदुंबर शेवटी चिकटवा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी जळगावची, गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाले. आमच्या वाचनगटात प्रत्येकीने एका कवितेवर कोलाज करायचं ठरलं. मी बालकवींची ‘औदुंबर’ घेतली; कवी आमच्याच जिल्ह्यातल्या धरणगावचे. झरा, टेकडी, चार घरं, शेतं, पायवाट, डोह, झाड असं सगळं घोटीव कागदातून कापून लावलं. झाडाखाली पादुकाही केल्या. पण भिंतीवर ते शाळेतल्या तक्त्यासारखं दिसतंय. कवितेची एखादी ओळ छापून चिकटवली तर बरं दिसेल का? शिवाय कागद जागोजागी फुगलाय. काय चुकलं?
— एक वाचक भगिनी

उत्तर : तुमच्या चित्राचा फोटो दोन दिवस माझ्या टेबलावर होता. हात स्वच्छ आहे, घरांची छपरं तर सुरेख कापली आहेत. अडचण कात्री हातात घेण्याच्या आधीच झाली आहे. कवितेत काय काय आहे ते मोजून तुम्ही एकेक वस्तू चिकटवत गेलात.

आता एक करा. कविता वहीत उतरवून घ्या, आठच ओळी आहेत, आणि रंगांच्या शब्दांखाली रेघ मारा. हिरवाळी, हिरवी, हिरव्या : हिरवा तीनदा. निळासावळा झरा एकदा. काळा डोह आणि मग लाटांवरचा गोड काळिमा, म्हणजे काळा दोनदा. आणि पांढरा? एकदाच. ‘पायवाट पांढरी’. तुमच्या चित्रात ढग पांढरे, भिंती पांढऱ्या, झऱ्याचा फेस पांढरा, वर दोन बगळे. त्यात वाट दिसेनाशी झाली. कवीने एवढ्या हिरव्यात एकच पांढरी रेघ ओढली आणि ती थेट काळ्या डोहाकडे नेली. मी चित्रकलेच्या तासाला वर्षानुवर्षं ही कविता फळ्यावर काढून दाखवत होते, तरी हे मला फार उशिरा दिसलं. दिसलं त्या दिवशी घरी येऊन आधीचं चित्र भिंतीवरून उतरवलं.

ती वाट कापू नका, फाडा. मासिकातलं जाडसर हिरवं पान घ्या. जाहिरातीतलं शेत असो, साडी असो, काहीही चालेल. छापील बाजू वर. डाव्या हाताने पान दाबून धरा आणि उजव्या हाताने फाडायचा भाग वर उचलत स्वतःकडे ओढा. दाबलेल्या तुकड्याच्या कडेला कागदाचं पांढरं अंग उघडं पडेल, खरबरीत, कुठे बारीक तर कुठे बोटाच्या नखाएवढं रुंद. हीच तुमची पायवाट. ‘अडवीतिडवी’ हे कात्रीला जमत नाही, बोटांना आपोआप जमतं. घोटीव कागदाची पाठ पांढरी असते, तोही चालेल. टिंटेड कागद मात्र आरपार रंगलेला असतो, त्याची कड पांढरी निघणार नाही.

क्रमाचंही बघा. कवितेत नजर झऱ्याच्या दोन्ही काठांवरून पलीकडच्या टेकडीपर्यंत जाते आणि शेतांतून, वाटेने, उतरत पाण्याशी येते. झाड शेवटच्या ओळीत येतं, आणि ‘औदुंबर’ हा तर कवितेचा शेवटचाच शब्द. कोलाजमध्येही मागचं आधी, पुढचं नंतर. इथे कवितेचा आणि चिकटवण्याचा क्रम एकच पडतो, अशी सोय फार थोड्या कवितांत मिळते. तुम्ही झाड आधी मध्यभागी रोवलंत आणि बाकीचं त्याच्याभोवती बसवलंत.

पादुका काढा. हे सांगताना मला जड जातंय. औदुंबर म्हटलं की आपल्याला दत्तगुरू आठवतातच, मी स्वतः नरसोबाच्या वाडीला जाणारी. पण या कवितेत देऊळ नाही, माणूस नाही, उंबराचं फळसुद्धा नाही. ‘पाय टाकुनी जळात’ बसलंय ते झाडच. पादुका ठेवल्या की पाय दुसऱ्याचे होतात. म्हणूनच अख्खं झाडही नको. बुंधा आणि पाण्यात उतरलेली मुळं पुरे, शेंडा कागदाबाहेर जाऊ द्या. मी यासाठी खाकी पाकीट फोडून चुरगळते, पुन्हा सपाट करते आणि सुरकुत्यांवरून काळी शाई बोटाने फिरवते. शाई घड्यांत बसते आणि साल तयार होते.

डोहाला काळा घोटीव कागद लावलात, त्यात ‘गोड’ काही उरलं नाही. गर्द निळा खाली घ्या आणि त्यावर पतंगाच्या काळ्या कागदाचे फाडलेले तुकडे एकावर एक लावा. एका थरातून निळा दिसतो, तिसऱ्या थराला जवळजवळ झाकतो. ‘झाकळुनी जळ’ म्हणजे काय ते हाताला कळतं. पतंगाचा कागद ओला झाला की रंग सोडतो. एरवी त्रासाचं, इथे पाण्याला उपयोगी.

ओळ चिकटवण्याबद्दल : कवितेची ओळ नको, ती वाचली की लोक चित्र बघायचं सोडतात. पण छापील अक्षरं जरूर घ्या. ब्राक आणि पिकासो हे चित्रकार १९१२ पासून वर्तमानपत्राचे तुकडे चित्रात लावत होते. आपल्या देवनागरीला तर शिरोरेखा आहे. मोठ्या मथळ्याची पट्टी उलटी करून डोहावर आडवी ठेवा, शिरोरेखेच्या लाटा होतात. मात्र मूळ वर्तमानपत्र लवकर पिवळं पडतं, म्हणून चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून वापरा. घरच्या शाईच्या प्रिंटरची प्रत घेऊ नका, गोंद लागला की बहुतेक वेळा पसरते.

कागद फुगला कारण तो ओला होऊन पसरला आणि वाळताना एकसारखा आवळला नाही. फेव्हिकॉलमध्ये पाणी कमी घाला, पातळ हात द्या, मधून कडेकडे कापडाने दाबत जा. वर प्लास्टिक, त्यावर जाड पुस्तकं, रात्रभर. ड्रॉइंग शीटऐवजी पुठ्ठा घ्या आणि त्याच्या पाठीलाही एक कोरा कागद चिकटवा, म्हणजे दोन्हीकडून ताण सारखा बसतो आणि पुठ्ठा वाकत नाही.

नवीन चित्राचा फोटो नक्की पाठवा. आणि एक फोटो झाड लावायच्या आधीचाही काढून ठेवा. तो मला जास्त बघायचाय.