द्राक्षमळ्यातली मजुरी आणि वाचकांची इतर पत्रं

मागच्या अंकात मी बायबलमधल्या दोन-तीन गोष्टींबद्दल लिहिलं आणि टपालात, मोबाइलवर मिळून सत्तावीस पत्रं आली. लिहिणारे बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत. मीही नाही. ठाण्यात चरईत वाढले, घरात रोज हरिपाठ होता. पुढे एकतीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. त्या कामात एकदा मराठी शुभवर्तमानाची, म्हणजे येशूच्या चरित्राची, प्रुफं हाती आली, तेव्हापासून हे वाचन सुटलेलं नाही. आलेल्यांपैकी पाच पत्रं इथे घेते.

घणसोलीहून एक वाचक लिहितात: मी रंगकामाची कंत्राटं घेतो. मुलीला शाळेत बक्षीस म्हणून नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, मिळाला, तो चाळला. द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट वाचून डोकं फिरलं. सकाळपासून राबलेल्याला आणि शेवटच्या तासाला आलेल्याला सारखाच रोज! मी असं केलं तर उद्या माझ्याकडे सकाळी कोण येईल? करावं तसं भरावं असं आपण म्हणतो. मग हा कसला न्याय?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. रोज मजुरी वाटणारा माणूस ही गोष्ट वाचतो तेव्हा ती त्याला बरोबर जिथे टोचायला हवी तिथेच टोचते.

गोष्ट मत्तयच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात आहे. (मत्तय, मार्क, लूक आणि योहान अशी ही चार शुभवर्तमानं.) मालक पहाटे चौकात जातो आणि एक दीनार ठरवून माणसं नेतो. दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. मग तो पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि शेवटी ‘अकराव्या तासाला’. तेव्हा तास सूर्योदयापासून मोजत, म्हणजे हे आपले संध्याकाळचे पाच. तेव्हाही काही जण उभेच असतात. मालक विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही.

माझ्या घरापासून पाच मिनिटांवर मजुरांचा नाका आहे. तुमचं पत्र आल्यावर एक दिवस सकाळी सातला आणि परत साडेअकराला तिथे जाऊन आले. सातला नुसती गर्दी. गवंड्यांच्या पिशवीतून थापीची मूठ बाहेर आलेली, रंगाऱ्यांचे ब्रश कापलेल्या बाटलीत उभे, बिगाऱ्यांच्या हातात फक्त जेवणाचा डबा. मुकादम आला की घोळका त्याच्याकडे सरकतो आणि तो बोटाने दाखवतो, तू, तू आणि तू. धडधाकट पोरं आधी उचलली जातात. साडेअकराला चौदा जण उरले होते. तिघे साठीच्या पुढचे, एकाचा पाय अधू, दोन बायका, त्यातल्या एकीच्या कडेवर मूल. एक म्हातारा बिगारी डबा उघडायचा की तसाच घरी न्यायचा या विचारात बसला होता. मला म्हणाला, “काम करून दमलं तर रोज मिळतो. उभं राहून दमतो त्याचा कोण देणार?”

अकराव्या तासाचे मजूर हे असे होते. त्यांच्या घरी चूल पेटायची ती पूर्ण दिवसाचीच, तासाभराची नाही. येशू ज्यांच्यापुढे बोलत होता त्या ज्यू श्रोत्यांना त्यांच्या धर्मग्रंथातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातला नियम पाठ होता: मजुराचा रोज सूर्य मावळण्याआधी द्यावा, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यात अडकलेला असतो.

आता मालक काय करतो ते बघा. शेवटी आलेल्यांना आधी पैसे द्यायला सांगतो. पहाटेच्या मंडळींना आधी दिले असते तर ती ठरलेला दीनार घेऊन खुशीत घरी गेली असती आणि तक्रारच झाली नसती. पण त्यांनी ते पाहायला हवं होतं. त्यांची तक्रारही नीट ऐका. ‘आम्हाला कमी दिलं’ असं ते म्हणत नाहीत, कारण कमी दिलेलंच नाही. ते म्हणतात, ‘तुम्ही ह्यांना आमच्या बरोबरीचं केलंत.’ त्यावर मालकाचं उत्तर मूळ ग्रीकमध्ये शब्दशः असं आहे: ‘मी चांगला वागलो म्हणून तुझा डोळा वाईट झाला का?’ हे वाक्य मला आजही पुढे वाचू देत नाही.

तेव्हा तुमचा हिशेब चुकलेला नाही. ही गोष्ट धंदा कसा करावा ते सांगायला आलेलीच नाही, ‘स्वर्गाचं राज्य असं आहे’ अशी तिची सुरुवात आहे. आणि ‘त्यांच्याकडे कृपा, आपल्याकडे कर्म’ अशी वाटणी मात्र कृपा करून करू नका. माणूस जे पेरतो त्याचंच पीक घेतो, हे नव्या करारातल्या पौलाच्या पत्रातही लिहिलेलं आहे. आणि हिशेब न मागणारा देव आपल्या संतांनाही ठाऊक होताच. ख्रिस्ती लोकांनीही ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळी लावली आहे. पहाटेचे मजूर म्हणजे ज्यू आणि संध्याकाळचे म्हणजे मागून आलेले परके, असंही कित्येकांनी वाचलं. मला मात्र ती नाक्यावर उभं राहून वाचावीशी वाटते.

कळव्याहून एक विद्यार्थी: आमच्या ग्रुपवर एक ओळ फिरते आहे: ‘मी शांतता आणायला आलो नाही, तलवार आणायला आलो आहे.’ येशू खरंच असं म्हणाला? मग प्रेमाचा धर्म कशाला म्हणायचं?

ओळ खरी आहे. मत्तय, दहावा अध्याय, चौतिसावं वचन. पाठवणाऱ्याने पुढचं वाक्य कापलं आहे, ते असं: मुलगा बापाच्या, मुलगी आईच्या आणि सून सासूच्या विरोधात उभी राहील. हे शब्द मीखा या जुन्या संदेष्ट्याचे आहेत. येशू शिष्यांना गावोगाव पाठवताना ते सांगतो आहे, की माझ्यामागे याल तर घरातूनच वार होतील. लूकने हीच गोष्ट सांगताना तलवारीच्या जागी सरळ ‘फूट’ असा शब्द घातला आहे. आणि खरी तलवार निघते तेव्हा काय होतं तेही मत्तयमध्येच आहे. अटकेच्या रात्री एक शिष्य तलवार चालवतो, तर येशू म्हणतो, ती म्यानात घाल, तलवार धरणारे तलवारीनेच मरतील.

घर दुभंगतं म्हणजे काय हे मराठी माणसाला लांब जाऊन शोधायला नको. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काय आलं ते त्यांनी स्वतःच्या आठवणींत इतक्या नितळ मराठीत लिहून ठेवलं आहे की त्या वचनावर आणखी भाष्य नको.

पण तुझ्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो टाळणं मला बरं वाटत नाही. हा ग्रंथ हातात घेऊन लोकांनी तलवार चालवली का? चालवली. 1737 साली मराठ्यांनी ठाणे घेतलं तोवर इथे पोर्तुगिजांचं राज्य होतं आणि त्यांच्या मुलखात देवळं पाडली गेली. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. त्यावर पांघरूण घालायचं काही कारण नाही. याच ठाण्यात 1321 साली फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथातल्या चार साधूंना ठार मारलं गेलं, तेही विसरायचं कारण नाही. माणसं कशी वागली आणि मजकूर काय म्हणतो, या दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या, आणि विचारायच्या मात्र दोन्ही. तुझ्या ग्रुपवर आधी एवढंच विचार: अध्याय कोणता, आणि पुढची ओळ काय?

ऐरोलीहून एक गृहिणी: आम्ही माहीमच्या चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे प्रार्थनेला, जातो. सासूबाईंनी येशूची तसबीर देवघरात ठेवली आहे. तो विष्णूचाच अवतार, असं त्या म्हणतात. शेजारच्या ख्रिस्ती ताईंना हे आवडेल का, अशी मला शंका आहे.

तसबीर काढा असं मी कधीच म्हणणार नाही, सासूबाईंचा भाव त्यांचा आहे. शंका मात्र रास्त आहे. अवतार युगायुगांत येतात. तुमच्या शेजारीण ज्या श्रद्धेत वाढल्या तिच्यात हे एकदाच घडलं, आणि तेही पंतय पिलात नावाच्या एका रोमन अधिकाऱ्याच्या अमदानीत. त्याचं नाव त्यांच्या रोजच्या प्रार्थनेतल्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीतही आहे. योहान लिहितो की शब्द देही झाला आणि त्याने आपल्यात वस्ती केली. तिथला ग्रीक शब्द ‘तंबू ठोकला’ असा आहे. मला तो वाचताना वारीतल्या राहुट्या आठवतात, पण ती आठवण माझी आहे, योहानाची नाही. हा फरक मी मनात जपून ठेवते. राबोडीत माझे कपडे शिवणाऱ्या ताई येशूला हजरत ईसा म्हणतात, मरियमचं नाव अदबीने घेतात, कुराणात तिच्या नावाची सूरा आहे हे सांगतात, आणि ईसांना देवाचा पुत्र मानत नाहीत. क्रुसावर मरण आलं हेही त्यांना मान्य नाही. बाहेरच्यांमध्येही अशा किती तऱ्हा! तुम्ही शेजारच्या ताईंना अवतार म्हणून सांगू नका, तुम्ही काय मानता असं विचारा. चहाला बोलावून विचारा.

वाशीहून एक निवृत्त वाचक: मराठीत कोणतं बायबल घ्यावं आणि सुरुवात कुठून करावी?

पहिल्या पानापासून नको. गांधीजींनी लंडनमध्ये तसंच सुरू केलं, आणि उत्पत्तीच्या पुढच्या अध्यायांनी आपल्याला झोप येई असं त्यांनीच लिहिलं आहे. डोंगरावरचं प्रवचन मात्र थेट काळजाला भिडलं. तुम्ही मार्क घ्या, सोळाच अध्याय आहेत, मग लूक. विकत घेताना एक लक्षात असू द्या: प्रॉटेस्टंट प्रतीत 66 पुस्तकं असतात, कॅथलिक प्रतीत 73. दुकानदाराने पानं चोरलेली नसतात. आजच्या ओघवत्या मराठीत हवं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आहे.

भाषांतराबद्दल मात्र थोडं थांबून बोलते, कारण माझा जन्म त्यातच गेला. मराठी बायबलमध्ये शब्द आपले असतात आणि म्हणूनच आपण घसरतो. पहिल्यांदा प्रुफं वाचताना ‘भावाच्या डोळ्यातलं कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ’ हे आलं, तेव्हा अनुवादकाने आपली म्हण घुसडली असं समजून मी समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं. मूळ वाक्य खरंच तसं आहे. फक्त तिथे मुसळाच्या जागी घराची तुळई आहे. येशू सुताराच्या घरातला. ‘मुसळ’ कानाला इतकं गोड बसलं की सुतारकामाची ती तुळई आपल्याला दिसतच नाही. ‘पाप’ हा शब्द तर याहून अवघड. आपण तो ऐकला की पुण्याची दुसरी बाजू लगेच मांडतो, जमा आणि खर्च. नव्या करारातल्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी नेम चुकणं आहे, बाण भलतीकडे जाणं आहे. खातेवही तिथे नाही.

हा पेच जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचलं, ते 1616 साली गोव्यात राशोलला छापलं गेलं. त्यातल्या ओव्यांत त्यांनी स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. वाचणाऱ्याला वैकुंठ म्हणताच काय दिसलं असेल, सांगा बरं! तीनशे वर्षांनी पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, अडाणी बायकांना कळेल अशा साध्या मराठीत एकहाती भाषांतर केलं, 1922 मध्ये गेल्या, आणि केडगावच्या मुक्तिसदनात ते छापून निघालं. खिळे जुळवणाऱ्या हातांत त्यांच्या आश्रमातल्या स्त्रियांचे हात होते. प्रूफ वाचणारी बाई म्हणून त्यांना माझा नमस्कार.

ठाण्याहूनच एक बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू समाजातल्या वाचक: तुम्ही मागच्या अंकात ‘ज्यू लोकांचा जुना करार’ असं लिहिलंत. आमचा ग्रंथ आमच्यासाठी जुना झालेला नाही, बाई.

ताई, तुमचं बरोबर आहे आणि चूक माझी आहे. ‘जुना’ हा शब्द ‘नवा’ मानणाऱ्यांचा. ठाण्यात सिव्हिल हॉस्पिटलजवळ तुमचं सिनेगॉग शार हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचं दार, 1879 पासून उभं आहे. त्याच्यावरून मी शेकडो वेळा गेले आणि तरी लेखणी घसरली.

तुमचं पत्र वाचून मी दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवल्या. मजकूर बहुतांश तोच, रचना निराळी. ख्रिस्ती प्रतीत तो भाग मलाखीपाशी संपतो, एलिया हा संदेष्टा पुन्हा येईल या वचनावर. पान उलटलं की मत्तय, आणि दोनच अध्यायांनी बाप्तिस्मा करणारा योहान उभा. मोजदादीने 24 पुस्तकांचा तुमचा धर्मग्रंथ, तनाख, मात्र इतिहासाच्या पुस्तकावर संपतो. इराणचा राजा कोरेश बंदिवासातल्या लोकांना यरुशलेमला जायला मोकळं करतो. शेवटचा शब्द आहे, ‘त्याने वर जावं’. इस्रायलला जाऊन वसण्यासाठीच्या ‘आलिया’ या तुमच्या शब्दाचं मूळ तेच. ठाण्यातली किती घरं त्या शब्दावर इस्रायलला गेली! यशया या संदेष्ट्याच्या सातव्या अध्यायात मूल जन्माला येण्याचं वचन आहे, तिथेही तसंच. तिथला हिब्रू शब्द ‘तरुण स्त्री’ असा आहे, जुन्या ग्रीक भाषांतरात त्याची ‘कुमारिका’ झाली आणि मत्तयने तीच घेतली. एका शब्दावरून दोन वाटा फुटल्या.

आणि एलिया तुमच्याकडे पुस्तकाच्या शेवटी थांबलेला नाहीच. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका बेने इस्रायल मैत्रिणीच्या घरी मलिद्याच्या विधीला गेले होते. परातीत भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ, भोवती फळं मांडलेली, आणि एलियाहू हन्नबीचं नाव घेत सगळे गात होते. मूठभर पोहे माझ्या हातावर ठेवताना तिची आई म्हणाली होती, “घे गं, नबी येऊन गेला.”

वाचकांनी मागच्या अंकातल्या माझ्या लेखात, दुसऱ्या परिच्छेदात, ‘ज्यू लोकांचा जुना करार’ हे शब्द खोडून तिथे ‘तनाख’ असं लिहून घ्यावं.