1950 च्या दशकाला कॅनडाचा सुवर्णकाळ म्हणतात, ते कितपत खरं आहे?

तुम्ही विचारलंय की इथली जुनी माणसं 1950 च्या दशकाचं एवढं कौतुक करतात, तर तो काळ खरंच तेवढा चांगला होता का. ज्यांच्या पदरात काही पडलं त्यांच्यासाठी नक्कीच होता, आणि असे लोक पुष्कळ होते. पण त्या काळच्या सरकारला कुणाला विचारून काम करायची सवय नव्हती. मला ते दशक या बाजूनंच नीट समजलं.

भरभराट खरीच होती. 1947 साली अल्बर्टात लेड्युकला तेल लागलं, युद्धानं पोळलेल्या युरोपातून माणसं येत राहिली, आणि 1951 ते 1961 या दहा वर्षांत लोकसंख्या 1 कोटी 40 लाखांवरून 1 कोटी 82 लाखांवर गेली. टोरांटोच्या कडेनं डॉन मिल्ससारख्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, 1952 मध्ये टीव्ही आला. त्याच वर्षी जानेवारीपासून सत्तरी गाठलेल्यांना महिना 40 डॉलर पेन्शन सुरू झालं, तेही मिळकत न तपासता. आधी त्यासाठी आपली गरिबी सिद्ध करावी लागायची. मला त्या दशकातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

पंतप्रधान होते लुई सेंट लॉरेंट, पण उद्योगधंद्यांची सगळी सूत्रं मंत्री सी. डी. हाउ यांच्या हातात. इंजिनिअर माणूस, कामाचा उरक दांडगा, आणि मध्ये कुणी आलेलं खपायचं नाही.

सेंट लॉरेन्स नदीवरचा प्रकल्प बघा. समुद्रातली मोठी जहाजं थेट आतल्या सरोवरांपर्यंत जावीत आणि वीजही मिळावी, म्हणून ऑन्टॅरिओत कॉर्नवॉलच्या पश्चिमेच्या नऊ वस्त्या बुडवल्या. सुमारे 6,500 माणसं धरणग्रस्त झाली. पाचशेच्या वर घरं अवाढव्य गाड्यांनी पायावरून अलगद उचलून इंगलसाइड आणि लाँग सॉल्ट या नव्या गावांत नेली. कपाटातली भांडीसुद्धा काढू नका, असं लोकांना सांगितलं होतं. ऑल्ट्सव्हिल गावातली काही रिकामी घरं मात्र आग कशी पसरते याचा अभ्यास करायला मुद्दाम पेटवली. मग 1 जुलै 1958 ला, म्हणजे ऐन राष्ट्रीय सणाच्या दिवशी, पाणी अडवून धरणारा तात्पुरता बांध सुरुंगानं उडवला आणि चार दिवसांत पाणी भरलं. भरपाई कमी मिळाली ही तिथल्या लोकांची तक्रार पुढे कित्येक वर्षं चालू होती. कोयना किंवा उजनीच्या विस्थापितांबद्दल ज्यांनी वाचलंय त्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही.

याहून वाईट उत्तरेत घडलं. 1953 मध्ये क्वेबेक प्रांताच्या उत्तर भागात इनुकजुआकला राहणाऱ्या इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, कुटुंबांना जवळजवळ दोन हजार किलोमीटर आणखी उत्तरेला, रेझोल्यूट आणि ग्रीस फियोर्डला नेऊन सोडलं. तिथे हिवाळ्यात महिनोन्महिने सूर्य दिसत नाही. दोन वर्षांनी हवं तर परत आणू, हा शब्द सरकारनं पाळला नाही. माफी मागितली ती 2010 मध्ये.

अखेर ही वागणूक संसदेत नडली. 1956 मध्ये अल्बर्टाचा गॅस पूर्वेकडे आणणाऱ्या पाइपलाइनसाठी कंपनीला कर्ज द्यायचं विधेयक हाउ यांनी चर्चा तोडून रेटलं. पुढच्याच वर्षी सेंट लॉरेंट आणि हाउ यांच्या लिबरल पक्षाची 22 वर्षांची सत्ता गेली आणि खुद्द हाउ एका शाळामास्तराकडून हरले. 1958 मध्ये नवे पंतप्रधान डीफेनबेकर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला 265 पैकी 208 जागा मिळाल्या. पण झटक्यात निर्णय घेण्यात तेही मागे नव्हते. मी टोरांटोजवळच्या माल्टनपाशी राहते. इथल्या कारखान्यात बनणारं अ‍ॅव्ह्रो अ‍ॅरो हे लढाऊ विमान त्यांनी 20 फेब्रुवारी 1959 ला रद्द केलं, हजारो कामगार त्याच दिवशी घरी गेले, आणि तयार विमानंसुद्धा कापून भंगारात काढली. क्वेबेकमध्ये तर तिथले मुख्यमंत्री दुप्लेसी यांची पकड ते 1959 मध्ये वारले तेव्हाच सुटली.

आता आपल्याशी संबंधित भाग. 1956 मध्ये कॅनडानं ट्रॉम्बेला अणुभट्टी उभारून द्यायचा करार केला. तीच पुढे 'सायरस' म्हणून ओळखली गेली. त्या वर्षी भारतातून, जवळचे नातेवाईक सोडून, फक्त 150 जणांना कॅनडात कायमचं यायची मुभा होती. 1957 मध्ये हा आकडा 300 करायचं ठरलं, आणि त्याच वर्षी एकूण 2 लाख 82 हजार लोक या देशात आले. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. तुमच्या ओळखीतल्या जुन्या कॅनेडियन माणसाला त्या काळाबद्दल जरूर विचारा, मनापासून सांगतात. पण त्यांच्या शाळेतल्या, गल्लीतल्या आठवणींत आपल्यासारखी माणसं का दिसत नाहीत, त्याचं उत्तर या 150 च्या आकड्यात आहे.